फळीवरची रिकामी जागा

अहो, तुमच्या तेराव्याला मी भांडण केलं. कुणाशी, ते ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. तुमच्या पुतणीशी. बिचारीनं सकाळपासून पाहुण्यांचे चहा केले, भांडी विसळली आणि धुतलेली गाळणी ड्राय बाल्कनीतल्या तुमच्या हत्यारांच्या फळीवर टांगून टाकली. नेमकी त्या रिकाम्या जागेवर. तिचं तरी काय चुकलं? फळीवर काळ्या रंगात काढलेला आकार, गोल तोंड आणि लांब दांडी. गाळणी त्यात जवळजवळ बसलीच होती. पण मी सगळ्यांदेखत ओरडले, "काढ ती आधी! तिथं काही लावायचं नसतं!" पोरगी रडवेली झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "काकूंना धक्का बसलाय." धक्काबिक्का काही नाही. इतकी वर्षं त्या जागेवरून तुम्ही ओरडत होतात, त्या दिवशी तुम्ही नव्हतात म्हणून मी ओरडले.

भेटायला येणारा प्रत्येक जण ती फळी बघतो आणि विचारतो. मग मी तुमचीच टेप लावते. हवाई दलात विमानाच्या सांगाड्याचं काम करणाऱ्यांची ही रीत. प्रत्येक हत्यारामागे फळीवर त्याची काळी सावली रंगवलेली असते. काम संपलं की हत्यार आपल्या सावलीवर. एक जरी सावली उघडी दिसली तरी विमान उडत नाही. ते हत्यार विमानाच्या पोटात राहून गेलं असलं आणि वर गेल्यावर कुठल्या तारेत, कुठल्या दांड्यात अडकलं, तर चालवणाऱ्यानं काय करायचं? म्हणून सगळे गुडघ्यांवर बसून शोधतात, सापडेपर्यंत.

नोकरी संपली, भोसरीच्या एका कारखान्यात माल तपासायला लागलात, सांगवीत फ्लॅट घेतलात, पण ही रीत काही सुटली नाही. देव्हारा मांडायच्या आधी फळी ठोकलीत. मग तेच खूळ स्वयंपाकघरात आलं. पळी, झारा, उलथनं, किसणी, सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर, आणि सगळ्यांवर खिळ्यानं कोरलेले आकडे. तुमचा सात तर विचारूच नका, पोटात आडवी रेघ मारलेला. माझं लाटणं सात नंबरचं. भिशीच्या बायका हसून हसून लोळायच्या. "काकू, पोळ्या करायच्या आधी सही करावी लागते का हो?"

सगळ्या सावल्या भरलेल्या, ती एक सोडून. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "हे कशाचं?" तुम्ही म्हणालात, "आहे एक हत्यार. घ्यायचंय." आणि घेतलं कधीच नाही. एवढासा पाना मिळावा म्हणून रविवारचा रविवार जुन्या बाजारात उन्हात फिरणारा माणूस, त्याला हे एक हत्यार मिळत नाही? पाणी कुठंतरी मुरत होतं. मी संशयी बाई आहे, हे तुम्ही अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतंत. दूधवाल्याच्या मापात मी बोट घालून बघते, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला कुठल्या मजल्यावर म्हणून विचारते, डॉक्टरनं गोळी बदलली तर चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते. "हिला चौकीत बसवा, चोर आपणहून येतील," म्हणायचात. पण संशय काय आभाळातून पडतो का हो? माझ्या बाबतीत मात्र तसंच झालं.

तुम्हाला ठाऊक आहे सगळं, तरी माझ्या बाजूनं एकदा सांगू द्या. मी अठरा-एकोणीस वर्षांची. आमचं गाव महाळुंग्याच्या पलीकडे. तेव्हा तिथं कंपन्या नव्हत्या, भुईमूग होता. आम्ही शेंगा तोडत बसलो होतो आणि डोंगराच्या अंगाला असा आवाज झाला की बैलांनी दावी तोडली. सरावाचं छोटं विमान, आमच्याच वरच्या पट्टीत पडलं. आत एकटाच होता, कोवळा मुलगा. वडील आणि गावातले चार जण धावले, पण हाताशी काही उरलं नव्हतं. आईनं त्याला झाकायला घरातली कोरी सतरंजी दिली. ती माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली होती, हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आईच्या डोक्यात त्या वर्षी माझ्या लग्नाशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुमची गाडी आली, तुकडे गोळा करायला. चार-पाच जण होतात. सगळ्यांत बारीक तुम्ही, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. गावानं तोवर आपापल्या परीनं विमान वाटून घेतलं होतं. कुणी पत्रा खुराड्यावर टाकलेला, कुणी तारेनं कुंपण आवळलेलं. चोरी म्हणून नव्हे हो. रानात पडलं ते रानाचं, ज्याला गावलं त्याचं, एवढाच हिशेब. तुमचे साहेब आरडाओरडा करत होते आणि तुम्ही दारोदार जाऊन म्हणत होतात, "मावशी, तेवढा पत्रा देता का? आमच्या माणसाचा आहे." आमच्या अंगणात येऊन तुम्ही पाणी मागितलंत. आईनं तांब्या दिला. तुम्ही ओंजळ करून वाकून प्यायलात आणि मी दाराआडून बघत राहिले.

गाडी गेली. आठवड्याभरानं तुम्ही एकटेच परत आलात, सुट्टी काढून, एसटीनं. मग पुन्हा आलात. मग पुन्हा. एखादा तुकडा राहिला असेल म्हणायचात. बांधाबांधानं फिरायचात, काठीनं ढेकळं उलटायचात आणि दिवस कलला की आमच्याकडे भाकरी खाऊन जायचात. माझ्याकडे बघायचात, हेही खरं. शेवटी आईनं वडिलांना सांगितलं, "पोरगं काय तुकडं हुडकत न्हाई. ईचारा त्याला." वडिलांनी विचारलं. तुम्ही कानापर्यंत लाल झालात आणि मान हलवलीत. झालं लग्न.

लग्नानंतर मी कितीदा तरी विचारलं, "खरं सांगा, माझ्यासाठीच येत होतात ना?" तुम्ही दर वेळी "तुझ्यासाठीच" म्हणायचात. पण म्हणायच्या आधी जरासं थांबायचात. ते थांबणं माझ्या डोक्यात बसलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस असाच थांबतो. आधी मला वाटलं, गावात दुसरी कुणी आवडली असेल. आमच्या शेजारची सुमन माझ्यापेक्षा गोरी होती. मी वर्षभर तुमच्यासमोर सुमनचा विषय काढून तुमचं तोंड बघत बसले. तुम्हाला तर सुमन कोण तेही आठवत नव्हतं.

स्मारक म्हणाल तर पहिलं गावानंच केलं. तो मुलगा जिथं सापडला तिथं वडिलांनी एक दगड रोवला. पुढच्या अमावास्येला कुणीतरी शेंदूर लावला, मग नारळ फुटायला लागले आणि वर्षाच्या आत त्याचा विमानबाबा झाला. तुम्हाला ते खपायचं नाही. "त्याला आईबाप होते, नाव होतं. बाबा काय?" पण दगडापाशी गेलात की चप्पल काढायचात. नंतर जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, वरच्या पट्टीवर शेड उभी राहिली. दगड तेवढा कंपनीची भिंत आणि रस्ता यांच्यामधल्या बेचक्यात टिकला. नवा ट्रेलर घेतलेला ड्रायव्हर तिथं थांबतो, लिंबू ठेवतो. शिफ्टच्या बसमधल्या पोरी पर्मनंट व्हावं म्हणून हात जोडतात. त्यातल्या कुणालाही विचारा, इथं काय झालं होतं, तर सांगता येणार नाही.

म्हणून माझ्या भावानं, विलासनं, स्मारकाचं काढलं. विलास पंचायतीत आहे, जमिनीच्या व्यवहारात आहे, आणि तो काही काढतो तेव्हा मी आधी त्यात त्याचा फायदा काय ते बघते. त्यानं भोसरीच्या वर्कशॉपमधून फायबरचं विमान करून घेतलं होतं. उंच खांब, वर विमान, नाक आभाळाकडे, खाली रंगीत दिवे आणि फोटो काढायला कट्टा. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हे लग्नाच्या हॉलवर छान दिसेल." विलासला राग आला. तुम्ही चिडवत नव्हतात, तुमचं प्रामाणिक मत होतं, हे त्याला कळलं नाही.

मग तुम्ही आपल्या पार्किंगमध्ये खडूनं खऱ्या मापाचं विमान काढलंत. सेक्रेटरी बोंबलत आला, स्कूटर लावायच्या कुठं म्हणून. तुमचं म्हणणं असं, की जमिनीत काळ्या दगडाची पट्टी बसवायची आणि तिनं विमानाचा नुसता आकार काढायचा, पंखापासून शेपटीपर्यंत. आत काही नाही, मुरूम. नाक त्या दिवशी होतं त्याच दिशेला, डोंगराकडे. आणि चालवणारा जिथं बसतो तिथं वडिलांनी रोवलेला दगड, आहे तसा, शेंदरासकट. शेंदूर ठेवायला तुम्ही कसे तयार झालात देव जाणे. "गावानं त्याला आपला मानला, तेही खरंच आहे की," एवढं म्हणालात. मी वर गॅलरीतून खाली बघत होते. मला पार्किंगमध्ये विमान दिसलंच नाही, मला आपली फळी दिसली. त्या क्षणी मनात जी पाल चुकचुकली, ती काही केल्या थांबेना.

बैठकीत विलास म्हणाला, "दाजी, अवो विमानाचं स्मारक आन् त्यात विमानच न्हाई? लोकांनी काय बघायचं, मुरूम?"

"जे परत आलं नाही ते दिसलं पाहिजे, विलास."

"ते दिसंल कसं? न्हाईच तर दिसंल कसं, राव?"

 बाकीच्यांना तुमच्या वर्दीचा मान होता म्हणून ते तुमच्या बाजूनं गेले, कळलं कुणालाच नव्हतं. पण पाटीवरून जुंपली. विलासला लिहायचं होतं, की वैमानिकानं गाव वाचवण्यासाठी विमान डोंगराकडे वळवलं आणि प्राण दिले. गावात सगळे हेच सांगतात, माझे वडीलही सांगायचे. तुम्ही ताडकन उभे राहिलात. "वळवलं, हे तुला कुणी सांगितलं? त्याच्या हातात काही राहिलंच नसेल तर? आपल्याला माहीत नाही ते दगडात कोरायचं नाही." सगळे बघत राहिले. ज्याच्याबरोबर एक वर्दी घातली त्या पोराला शूर म्हणायला तुमची जीभ का रेटत नाही? मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही माझी नजर चुकवलीत. खाई त्याला खवखवे, हे मला आईनं लहानपणीच शिकवलं आहे.

घरी येताना मोशीच्या सिग्नलला अडकलो. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, मध्ये आपली स्कूटर. मी तुमच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला विचारलं, "काय लपवताय?"

"काही नाही."

"त्या फळीवर काय नाही? आणि त्या दगडात काय नाही? दोन्ही एकच ना?"

बराच वेळ तुम्ही समोरच्या ट्रकचा नंबर वाचत होतात. मग म्हणालात, "माझा एक आरसा परत आला नाही."

आरसा म्हणजे लांब दांडीचा, छोटा, गोल. विमानाच्या पोटात जिथं डोकं जात नाही तिथं घालून बघायचा. ते विमान उडायच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यावर काम केलं होतं आणि त्या संध्याकाळी घाईत फळी बघायची राहून गेली होती. मग ते पडलं, घाईघाईत पिशव्या भरून तुम्हाला आमच्या शेतात पाठवलं, आणि परत गेल्यावर फळीवर आरशाची सावली उघडी दिसली. तुम्ही सांगितलंत, शेतात पडला असेल. साहेबांनी मानलं. चौकशीत पक्षी आदळला असं निघालं. तुम्हाला कुणी बोट लावलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. निघताना पिशवीत आरसा होता की नव्हता, ते मला आठवत नाही. त्या दिवशीही आठवत नव्हतं."

आणि अहो, त्या वेळी एखादी शहाणी बाई काय म्हणाली असती? तुमच्या पाठीवर हात ठेवला असता तिनं. माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे तुम्ही आमच्याकडे आरसा शोधायला येत होतात."

तुम्ही नेहमीसारखे थांबलात. "आधी आरशासाठीच."

"आणि नंतर?"

सिग्नल सुटला. मागचे सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले आणि तुम्ही गाडी काढलीत. घरी पोचल्यावर मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. मी फुगून बसले होते. तुम्हाला वेळेवर जेवायला वाढत होते, गोळ्या देत होते, पण बोलताना तुमच्याकडे न बघता भिंतीवरच्या उलथन्याकडे बघत होते. मला वाटलं, उद्घाटन होऊ दे, मग धरून विचारते. तुम्ही उद्घाटनापर्यंतही थांबला नाहीत. सकाळचा चहा अर्धा पिऊन उठलात, बेसिनपाशी गेलात, आणि गेलातच. त्या बाबतीत मात्र जरासुद्धा थांबला नाहीत.

तुम्ही गेल्यावर लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि माझ्या डोक्यात दोनच किडे वळवळत होते. या माणसाच्या हातानं ते पोरगं गेलं का? आणि हा माणूस माझ्यासाठी आला होता का? लाज वाटते सांगायला, पण दुसरा किडा पहिल्यापेक्षा जास्त चावत होता. मी तुमचा फोटो पुसायची आणि फोटोवरच संशय घ्यायची. इतका साधा चेहरा असतो का कुठं माणसाचा?

आईला तुमचं सांगितलेलं नाही. विलासनं ठरवलं, नव्वदीची म्हातारी, तिला झेपणार नाही. सगळ्या आळीला ताकीद दिलीय. पण म्हातारी रोज विचारायची, लेक का येत न्हाई, तेव्हा परवा विलास मला न्यायला आला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला फसवायला टिकली लावली. गळ्यात मंगळसूत्र पुन्हा घातलं. गाडीतल्या आरशात बघायचा धीर होईना, म्हणून टिकली अंदाजानंच चिकटवली. वाटेत विलासच्या मंगल कार्यालयाच्या कमानीवर ते फायबरचं विमान दिसलं, नाक आभाळाकडे. खाली नवरानवरी फोटो काढत होते. तुम्ही बरोबर बोलला होतात, छान दिसतं.

आई कानानं गेली, पण नजर अजून घारीची. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "टिकली वाकडी लागलीया. जावयाचं आयुष्य वाकडं करती का? थांब." आणि उशाचा पत्र्याचा डबा उघडून तिनं तिचा आरसा काढला. तोच, गोल, तळहातात मावणारा, जो मी लग्नाआधी रोज तिच्या हातात बघायची. चाकणच्या बाजारातून आणलेला असणार, असं मी धरून चालले होते. कोण बघतं आईच्या आरशाकडे?

मी हातात घेतला. टिकली नीट करताना बोटाला कडेशी काहीतरी टोचलं, मोडक्या दांडीचा खुंट. उलटा केला. पाठ मेणानं आणि कुंकवानं माखलेली. नखानं खरवडलं, तर आकडा दिसला. सात. पोटात आडवी रेघ.

अहो, तुमचाच सात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

"आई, हा कुठला?"

म्हातारी गालात हसली. असं हसताना मी तिला माझ्या लहानपणी बघितलं असेल. "तुज्या न्हवऱ्याचा हाय त्यो. पयल्या दिशी आला व्हता न्हव, पानी प्याला वाकला, तवा पिशवीतनं खाली पडला. म्या बघितलं. म्हनलं, कुकू लावाया ब्येस हाय."

"विमानाच्या तुकड्यांत नव्हता सापडला?"

"तुकड्यात कशाला गं? माज्या पायापाशी पडला, आंगनात."

मी संशयी बाई, एकदा ऐकून थोडीच मानणार? मी तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारलं. पिशवी कुठल्या खांद्याला होती? "डाव्या." तुमची डाव्याच खांद्याला असायची. आवाज झाला का? "व्हय, टाळावानी वाजला, पर मागं साहेब वरडत व्हता, त्याला काय ऐकू यील?" दांडी कुठं गेली? "डब्यात मावंना, म्हून मोडली." आणि मला बरं वाटावं म्हणून ती सांगत असेल, हेही शक्य नव्हतं. तुमच्या मनातलं तिला काय ठाऊक? तिच्या लेखी तो फक्त कुंकवाचा आरसा होता.

"मग ते परत आले, आरसा शोधत होते, तेव्हा का नाही दिलास?"

"देनार व्हते की. पर पयल्या खेपंला त्यानं तुज्याकडं बघितलं, ते म्या बघितलं. म्हनलं, आरसा दिला तर पोरगं पुन्यांदा यायचं न्हाई. ऱ्हाऊ दे, यिऊ दे आनखी दोन खेपा." मग आईनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "दोनदा ईचारला त्यानं आरसा. तिसऱ्या खेपंपासून ईचारलाच न्हाई. तरीबी यायचा. ढेकळं उलटायचं निस्तं नाटक. नजर समदी तुज्याकडं."

मग लग्न झालं, आणि जावयाला कसं सांगायचं, की सासूनं तुमचा आरसा चोरला? म्हणून तुम्ही सासरवाडीला यायचात तेव्हा आरसा डब्यात जायचा आणि डबा धान्याच्या कणगीत. जावईबापू ओसरीवर पुरणपोळी खात बसायचे, आत कणगीत तुमचा आरसा. किती दिवाळसण गेले असे.

मला आईला गदागदा हलवावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं, की अगं म्हातारे, तुझ्या एका कुंकवाच्या आरशापायी तो माणूस जन्मभर आतून पोखरला गेला. रिकामी सावली रंगवून रोज तिच्यासमोर उभा राहिला. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं, की तिनं आरसा दिला असता तर तुम्ही पहिल्याच खेपेला आभार मानून एसटी पकडली असतीत. माझा सगळा संसार त्या आरशाच्या न मिळण्यावर उभा आहे. आता मी आईच्या पाया पडू की तिच्याशी भांडू? मी नुसती रडले. तिला वाटलं, मी आनंदानं रडते आहे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

"घिऊन जा त्यो," म्हणाली. "माजं आता काय कुकू. तुला ऱ्हाऊ दे." आणि मग माझा हात घट्ट धरून, दाराकडे बघत, हळू आवाजात, "पर जावईबापूस्नी सांगू नगंस हां. चोरटी सासू म्हनत्याल. लाज वाटती बग."

"नाही सांगत," मी म्हटलं.

येताना विलासला गाडी बेचक्यापाशी थांबवायला लावली. दगडाची काळी पट्टी पूर्ण बसलीय, तुम्ही काढली होती तशीच. मुरूम कुणीतरी झाडून ठेवतं. विलास म्हणाला, "ताई, आता तरी पाटीवर लिव्हू का, त्यानं गाव वाचवलं म्हून?" मी म्हटलं, दाजी म्हणाले तसंच राहील. त्या पोरानं विमान वळवलं की नाही, ते अजूनही आपल्याला माहीत नाही. तुमची बाजू मी पहिल्यांदाच काही न तपासता घेतली, बघा.

घरी आले, टिकली काढली, आणि आरसा फळीवर लावला. गोल गोलात बरोबर बसला. दांडीची जागा उघडीच आहे, ती तशीच राहील, आणि पुतणीला आज फोन करून माफी मागणार आहे. आईला दिलेला शब्द मात्र मी मोडते आहे. ऐका. तुम्ही वाकून पाणी पीत होतात आणि मी दाराआडून बघत होते ना, तेव्हाच तो तुमच्या पिशवीतून आमच्या अंगणात पडला. विमानात नव्हता तो. अहो, विमानात नव्हता.